तीन चांदण्यांची विगिलिया

अमेरिकेत बफेलोला लागून असलेल्या चीकटोवागाच्या एका शाळेचा भटारखाना हालिना गाव्रोन्स्कीने एकतीस वर्षं सांभाळला. रोज सहाशे पोरांचं जेवण, ठोक साडेअकराला. बॉयलर फुटला, वीज गेली, एका जानेवारीत तर बर्फाने मागचं दार उघडेना म्हणून ही बाई खिडकीतून आत शिरली. पण साडेअकराचं जेवण अकरा एकतीसला गेलं, असं एकदाही झालं नाही. तिच्या देखत सात हेडमास्तर बदलले आणि सातही तिला वचकून असायचे. एखाद्या पोराने ताटात वाटाणे टाकले की ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. बोलायची काही नाही. पोरगं मुकाट्याने वाटाणे गिळायचं. पुढे ती निवृत्त झाली, नवरा स्टॅन गेला, दोन्ही गुडघे बदलून झाले, पण ताठा म्हणाल तर तसूभर कमी झाला नाही.

आणि अशा बाईला तेरा वर्षं एका माणसाने हरवून ठेवलं होतं. तो माणूस म्हणजे तिचा व्याही, सीमोर काप्लिन्स्की.

सीमोर घड्याळजी. उत्तर बफेलोत त्याचं दुकान होतं, वर घर. ज्यू, आणि नावापुरता ज्यू नव्हे, सगळं काटेकोर पाळणारा. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत कामं बंद, ती शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत; हा त्यांचा शब्बाथ. तोवर चूल पेटवायची नाही की गाडी चालवायची नाही. घरात दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, कारण त्यांच्यात दूध आणि मांस एकत्र म्हणजे अब्रह्मण्यम. त्याचा जोएल आणि हालिनाची तेरेसा एकमेकांच्या प्रेमात पडले, तेव्हा दोन्हीकडची मंडळी थोडी रडली, थोडी चिडली आणि शेवटी लग्नात पोटभर जेवली. तिथवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण म्हणजे आम्हा पोलिश लोकांची विगिलिया. पहिली चांदणी दिसली की बसायचं. बारा पदार्थ, पण मांसाचा कण नाही, चरबीचा थेंब नाही, उपासच तो. त्या वर्षी हालिनाने सीमोरला मोठ्या मानाने बोलावलं. त्यांचा दिव्यांचा सण हानुक्काही त्याच आठवड्यात होता, म्हणून तो निळ्या पत्र्याचा डबा भरून लाटके घेऊन आला. लाटके म्हणजे किसलेल्या बटाट्याचे थापून तळलेले वडे. आमच्याकडे त्यांनाच प्लात्स्की म्हणतात, तेव्हा सगळे एकदम खूश. हालिनाची आई लुद्विका तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. तिने आंबट साय घालून तीन लाटके चापले आणि कौतुकाने विचारलं, "काय खुसखुशीत झालेत हो! कशात तळलेत?"

"हंसाच्या चरबीत!" सीमोर छाती फुगवून म्हणाला.

लुद्विकाच्या हातातून काटा पडला. आठ दशकांचा उपास मोडला होता म्हातारीचा. आणि त्याच वेळी सीमोरची नजर तिच्या ताटात गेली. हंसाच्या चरबीवर दुधाची साय! त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दोघांनाही वाटलं, समोरच्याने मुद्दाम केलं. हालिनाचं तोंड तर कधी थांबलंय? "चरबी? आजच्या दिवशी? विचारायचं तरी होतंत!" असं म्हणत तिने ताटं उचलली, डबा उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. कचऱ्याच्या पिंपाचं झाकण धाडकन वाजलं. सीमोरने ते ऐकलं, कोट चढवला आणि निघून गेला.

विहिणीचा रुसवा सगळ्यांनी पाहिलेला असतो. व्याह्यांचा रुसवा काय चीज आहे, ते त्या दिवसापासून आम्ही पाहिलं. तेरा वर्षं फोन नाही, पत्र नाही, तोंड बघणं नाही.

मधल्या काळात तेरेसा-जोएलला अदा झाली. पोर गोड, आणि बोलायला आजीसारखी धारदार. विगिलिया आजीकडे आणि हानुक्काचा पहिला दिवा आजोबांकडे, अशी तिची वाटणी झाली. पहिला दिवा अदानेच लावायचा, हा सीमोरचा हट्ट. हानुक्का दरवर्षी पुढेमागे सरकतो, त्यामुळे निभावत गेलं. पण अदा अकरा वर्षांची झाली त्या वर्षी पहिला दिवा नेमका चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी आला. त्यात तो शनिवार.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर तेरेसाने तोंड उघडलं. "आई, आम्ही ठरवलंय. त्या आठवड्यात आम्ही तिघं फ्लोरिडाला जातो. तुझ्याकडे नाही, त्यांच्याकडे नाही. कुणाचंच मन दुखायला नको."

"फ्लोरिडाला?" हालिना ओरडली. "विगिलिया काय पोहायच्या तलावाकाठी करणार? कोळंबी खाऊन?"

"मग काय करू? पोरीचे दोन तुकडे करू?" तेरेसाचेही डोळे भरले. "दरवर्षी तिला दोन घरांत दोन तोंडं करावी लागतात, आई. आजोबांकडे तुझं नाव काढायचं नाही, तुझ्याकडे त्यांचं नाही. मी दमले. सहा डिसेंबरपर्यंत तिकिटं रद्द करता येतात. त्याच्या आत तुम्ही दोघांनी काही ठरवलंत तर ठीक. नाहीतर यंदाही फ्लोरिडा आणि पुढच्या वर्षीही."

पुढच्या वर्षीही. हे शब्द हालिनाच्या काळजात घुसले. अदाशिवाय विगिलिया म्हणजे बारा पदार्थ आणि एकटी बाई. तिसऱ्या दिवशी तिने बूट चढवले, गाडीवरचं बर्फ खरवडलं आणि थेट उत्तर बफेलो गाठलं.

सीमोरने दार उघडलं. तेरा वर्षांत तो वाळला होता, पण घड्याळजीचं भिंग कपाळावर तसंच होतं.

"विहीणबाई," तो म्हणाला. "कुणी गेलं का?"

"अजून नाही. पण आपण दोघं असेच वागलो तर जिवंतपणीच गेल्यात जमा आहोत. आत घेता का इथेच गोठू?"

आत बसल्यावर तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. पोरगी फ्लोरिडाला चाललीय. आपल्या दोघांच्या नाकामुळे.

"मी काय करू शकतो?" सीमोर म्हणाला. "शनिवार आहे. तीन चांदण्या दिसेपर्यंत मी गाडीत बसत नाही. आणि रागावू नका, तुमच्या भांड्यातलं मला चालत नाही."

"मग मी तुमच्या भांड्यात रांधते."

"म्हणजे?"

"म्हणजे अख्खी विगिलिया इथे. तुमच्या घरी, तुमच्या चुलीवर. बाराच्या बारा पदार्थ. मांस नाहीच, तेव्हा तुमचं सगळं दुधाच्या बाजूला बसतं. मासे तुम्हाला चालणारेच आणेन. झालं?"

सीमोर बराच वेळ भिंग पुसत बसला. मग म्हणाला, "शुक्रवारी चार अठ्ठावीसच्या आत सगळं संपलं पाहिजे. त्यानंतर चमचासुद्धा हलणार नाही."

"एकतीस वर्षं साडेअकरा सांभाळलेत मी."

"आणि चूल मी पेटवणार. तुम्ही नाही. आमच्यात तसं लागतं."

हालिनाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सहा-सहा शेगड्या एका काडीत पेटवणारी बाई ती! पण तिने मान तुकवली. "पेटवा," ती म्हणाली. "पेटवा बापडे."

घरी येऊन तिने आधी तेरेसाला फोन केला. "तिकिटं रद्द कर. आणि पोरीला सांग, दोन्ही सण एका घरात. आजोबांच्या." पलीकडे तेरेसा हुंदके देत हसायला लागली.

हालिनाचा धाकटा भाऊ काझिक मात्र भडकला. "ज्यूच्या घरात विगिलिया? आई थडग्यात कूस बदलेल!"

"आईचं तू मला सांगू नकोस," हालिना म्हणाली. "आईचं मला जे ठाऊक आहे ते तुला ठाऊक नाही. यायचं तर ये, नाहीतर घरी बसून पाव खा." काझिकला स्वयंपाक येत नसे. तो आला.

शुक्रवारी सकाळी सातला हालिना पिशव्या घेऊन सीमोरच्या दारात हजर. पुढचे नऊ तास त्या स्वयंपाकघरात जे झालं त्याला युद्ध म्हणायचं की स्वयंपाक, देव जाणे. खणांवर निळी पट्टी दुधाची, लाल पट्टी मांसाची. सीमोर स्टुलावर बसून डोळ्यात तेल घालून पहारा देत होता. हालिनाने हात पुढे केला की तो म्हणायचा, "निळा! निळा!"

"रंगांध नाहीये मी!"

बीटचं सार उकळलं, अळंबीच्या सारणाच्या चिमुकल्या करंज्या झाल्या, कोबी-वाटाणे झाले, हेरिंग मासे कांद्यात मुरत पडले, बटाटा-चीजच्या पिएरोगींच्या, म्हणजे उकडायच्या करंज्यांच्या, ओळी फडक्यावर लागल्या. चूल दर वेळी सीमोर पेटवायचा आणि हालिना मागे उभी राहून पुटपुटायची, "मोठी करा जरा, वात लावताय का चुलीला?" दुपारी दोनच्या सुमारास घात झाला. घाईत तिने लाल पट्टीच्या खणातला चमचा काढून गरम सारात बुडवला. सीमोर किंचाळला. हालिना जागच्या जागी थिजली. तिला वाटलं, संपलं. सगळं सार मोरीत जाणार आणि पुढच्या वर्षी फ्लोरिडाचं विमान उडणार.

सीमोरने चमचा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता तो. "हा लाल खणातला आहे खरा, पण अजून किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नाहीये याची. नवा कोरा आहे. कधी वापरलाच नाही." तरीही विटाळ जाऊन मनाचं समाधान व्हावं म्हणून त्याने तो चमचा खिडकीतल्या कुंडीत, मातीत खोचून ठेवला. "माझी आई असंच करायची," तो म्हणाला. "शास्त्रात आहे की नाही, मला विचारू नका."

"माझी आईही असलेच काहीतरी उद्योग करायची," हालिना म्हणाली.

चार वाजून गेल्यावर साय काढायला तिने फ्रीज उघडला आणि दाराच्या खणात तिला एक बरणी दिसली. लाल पट्टी. आत पांढरी, गोठलेली चरबी. हंसाची. दोघांनीही ती पाहिली. चुलीवरचं सार तेवढं रटरटत होतं.

"त्या वर्षी," सीमोर भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाला, "पर्लला जाऊन चार महिने झाले होते. लाटके तीच करायची. मला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं. तिच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवून मी दोन दिवस बटाटे किसत होतो. बोटं सोलली. पहिले तीन घाणे जळले. चौथा तिच्यासारखा झाला. तोच तुमच्याकडे आणला. तुमच्याकडे उपास असतो हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि डबा तिचा होता. आमच्या लग्नातला." तो थांबला. "पिंपाचं झाकण वाजलं ते अजून ऐकू येतं मला."

पर्ल गेल्याचं हालिनाला माहीत होतं, पण लाटके याने स्वतः, पहिल्यांदाच केले होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. "सीमोर," ती पहिल्यांदाच नावाने बोलली, "मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे."

तेवढ्यात त्याने घड्याळ पाहिलं. "चार पंचवीस! विहीणबाई, चूल!"

दोन मिनिटांत चूल बंद, भांडी झाकलेली, ओटा पुसलेला. चार सत्तावीसला हालिनाने ॲप्रनची गाठ सोडली. "एक मिनिट आधी," ती म्हणाली. सीमोरने शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या आणि त्याचा सगळा चेहरा शांत झाला. अशा वेळी जुनी भानगड काढायची तिला हिंमत झाली नाही. ती हळूच दार लावून निघाली.

शनिवारी संध्याकाळी सगळे आले. जोएलने गाडी नेहमीप्रमाणे पलीकडच्या गल्लीत लावली, शब्बाथला बापाला ती दिसू नये म्हणून. हालिनाच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते ती कुणाला देत नव्हती. थंडी मरणाची होती, पण ढग नव्हते. बफेलोत डिसेंबरात ढग नसणं हाच केवढा चमत्कार! आम्हा चुलत भावंडांच्या लहानपणी ढगाळ असलं की हालिनाचा बाप विमानतळाकडे बोट दाखवायचा आणि विमानाच्या दिव्याला चांदणी म्हणून सगळ्यांना जेवायला बसवायचा.

मागच्या पायरीवर सगळे माना वर करून उभे राहिले. पाच वाजून गेले. नैर्ऋत्येला, छपरांच्या वर, एक टपोरा ठिपका झळकला.

"ती बघ! बाब्चा, पहिली चांदणी!" अदा ओरडली. आजीला ती बाब्चा म्हणते.

"झालं! चला बसू," काझिक हात चोळत म्हणाला. "आमच्या घरात पहिल्या चांदणीला बसतात. पणजोबापासून."

"तो शुक्र आहे," सीमोर म्हणाला. "ग्रह. आमच्यात धरत नाहीत. मला तीन लागतात, त्याही बारीक. तुम्ही बसा. सार गारच वाढावं लागेल, एवढंच."

सगळ्यांनी हालिनाकडे पाहिलं. उभ्या जन्मात जिने कुणाला जेवायला उशीर होऊ दिला नाही, ती बाई. तिने काझिककडे पाहिलं, वर पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवले.

"कुणी बसणार नाही," ती म्हणाली. "आज तीन."

"हालिना! पहिली चांदणी म्हणजे पहिली चांदणी!"

"पहिली ही झाली की. मग काय ती पळून चाललीय? तिच्या सोबतीला आणखी तीन येऊ देत. गप उभा राहा, नाहीतर वाटाणे वाढीन तुला."

काझिक गप उभा राहिला. नाकं लाल झाली, पाय बधिर झाले. त्या गारठ्यातच आमच्या लोकांनी पायरीवर चर्चमधून आणलेली पापडासारखी पातळ पांढरी पोळी मोडून एकमेकांना शुभेच्छा दिल्या. विगिलियाच्या आधी ते करावंच लागतं. सीमोर तोवर सभ्यपणे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आभाळ बघत राहिला. त्याचं त्याला, आमचं आम्हाला. मग अदाने पूर्वेला एक शोधली. जोएलने दुसरी. तिसरी कुणालाच दिसेना. शेवटी हालिनालाच दिसली, चिमणीच्या बाजूला, इवलीशी. "ती!" ती अशी काही गरजली की शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं.

सीमोरने घड्याळ पाहिलं. "पाच अडतीस," तो म्हणाला. "पंचांगातही हेच आहे."

आत सीमोरने शब्बाथला निरोप दिला, वेणीसारखी वळलेली मेणबत्ती विझवली. अदाने हानुक्काचा पहिला दिवा लावला. समोर आई, बाप, बाब्चा आणि आजोबा, चौघं एका रांगेत उभे होते, आणि असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मग चूल पेटली, सार तापलं आणि सीमोरने लाटके तळले. तेलात. साध्या तेलात. काझिकने साय घालून नऊ खाल्ले आणि थडग्याचा विषय पुन्हा काढला नाही.

सगळे जेवत असताना हालिना उठली. कापडातली वस्तू तिने सीमोरच्या पुढ्यात ठेवली आणि कापड काढलं. निळ्या पत्र्याचा डबा.

सीमोरच्या हातातला काटा तिथेच राहिला.

"पिंपात ताटांतलं उरलंसुरलं गेलं," हालिना म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "डबा नाही. डबा आईने माझ्या हातातून काढून घेतला आणि खोलीत नेला. रात्री बाराला उपास संपला. नाताळ लागला की आम्हाला चरबी चालते. बारा वाजून पाच मिनिटांनी ती पलंगावर बसून लाटके खात होती. गार. सतरा होते. सतराही संपवले. मला म्हणाली, उपास चुकून मोडला, ते देव बघून घेईल. पण असले लाटके मी जन्मात खाल्ले नाहीत. त्या माणसाला जाऊन सांग. सहा वर्षं जगली त्यानंतर. दरवर्षी विचारायची, सांगितलंस का? आणि मी म्हणायचे, त्याने आधी फोन करावा."

तिने कापडाची घडी घातली.

"सांगायला हवं होतं मी," हालिना म्हणाली. "चुकले. तेरा वर्षं चुकले."

सीमोरने डबा उघडला. आत काही नव्हतं. झाकणावरून त्याने अंगठा फिरवला, जिथे पर्लच्या हातचा पोचा पडला होता तिथे. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"सतरा?" त्याने विचारलं.

"सतरा."

"एकटीने?"

"एकटीने."

"माझ्या पर्लचे लाटके," तो म्हणाला आणि मोठमोठ्याने हसायला लागला, तसाच रडत. अदाने जाऊन त्याच्या गळ्यात हात टाकले.

"रिकामाच आणला," हालिना नाक ओढत म्हणाली. "माझ्या भांड्यातलं तुम्हाला चालत नाही ना. कुणाचा डबा मी जन्मात रिकामा परत केला नव्हता. लाज वाटते हो मला."

सीमोरने डब्याला झाकण लावलं आणि तो फ्रीजवर ठेवला, बरणीच्या बरोबर वर.

"उद्या तुमचा उपास नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग साय लपवून ठेवा आणि सफरचंदाचा गर काढा," तो म्हणाला. "एक वाजता हंसाच्या चरबीतले भरून आणतो. ठोक एकला."

हालिनाने कमरेवर हात ठेवले. "एक वाजून एक मिनिट झालं तर दार उघडणार नाही, सांगून ठेवते," ती म्हणाली, आणि अख्खं टेबल हसलं.